पिकअपचा बॉल जॉइंट: कंपनी विचारण्याआधी

पावसाळा सरता सरता या सदराकडे पुढच्या चाकांच्या तक्रारी येतात. यंदाच्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न होता: कुठल्या कंपनीचा बॉल जॉइंट घेऊ? कंपनीचं नाव शेवटी येतं. बॉल जॉइंट म्हणजे चासिसला जोडलेला सस्पेन्शनचा हात (आर्म) आणि चाक धरणारा लोखंडी भाग (नकल) यांच्यामधला गोळा-वाटीचा सांधा. आपल्या गाडीत कुठल्या जॉइंटवर वजन आहे आणि तो आर्ममध्ये कसा बसवलाय, हे आधी कळलं पाहिजे.

प्रश्न: इसुझू डी-मॅक्स आहे, नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेतो. खड्ड्यात डाव्या पुढच्या चाकातून कटकट येते आणि त्या टायरची आतली कड खाल्ली आहे. मेस्त्री म्हणतो, चारही बॉल जॉइंट बदला. चारही एकदम जातात का?
— वाहतूकदार, नारायणगाव

सहसा नाही. तुमच्या गाडीत प्रत्येक पुढच्या चाकाला दोन आर्म आहेत, एक वर आणि एक खाली. दोघांच्या टोकांना एकेक बॉल जॉइंट, आणि त्या दोन जॉइंटांच्या मध्ये नकल. कॉइल स्प्रिंग टेकते खालच्या आर्मवर. म्हणजे चासिसचं वजन स्प्रिंगमधून खालच्या आर्मवर, तिथून खालच्या बॉल जॉइंटवर आणि मग नकलमधून चाकावर उतरतं. वरचा जॉइंट चाकाचा माथा जागेवर धरून ठेवतो, वजन उचलत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा आधी खालचा जातो.

मात्र आधी तपासा, आणि जॅक कुठे लावताय इकडे लक्ष द्या. बऱ्याच गॅरेजांत चासिसला जॅक लावून चाक लोंबतं ठेवतात आणि हलवून बघतात. या गाडीत ते चुकीचं आहे. चाक लोंबत असलं तरी स्प्रिंग खालच्या आर्मला रेटतच असते, जॉइंटवर जोर राहतो आणि त्यातला खेळ, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागत नाही. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका लावा. स्प्रिंग दाबलेली राहील आणि जॉइंट मोकळा होईल. टायर जमिनीपासून दोन-तीन इंच सुटला की त्याखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचका. एकाने उचकायचं, दुसऱ्याने नकल आणि आर्म यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला 'टक' असा कळतो.

मग टायर घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हलत असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा आर्मच्या आतल्या टोकाच्या रबरी बुशांचा, आणि आर्मचं आतलं टोक सरकताना दिसलं तर बुशांचा. नऊ आणि तीनच्या जागी हलत असेल तर टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या सळईच्या टोकाचा सांधा) किंवा स्टेअरिंगचा रॅक बघा. या पाच मिनिटांत चारपैकी किती जॉइंट गेले ते कळतं.

आतली कड खाण्याचं कारणही इथेच सापडेल. गाडी भरली की वजनाने चाकाचा पाय बाहेर आणि माथा आत झुकायला बघतो. जॉइंट ढिला असेल तर त्याला तेवढी मोकळीक मिळते आणि टायर आतल्या कडेवर चालतो. टो, म्हणजे चाकांची पुढून आत-बाहेर वळलेली ठेवण, बिघडल्यानेही कड खाल्ली जाते, म्हणून जॉइंटचा खेळ सिद्ध झाल्याशिवाय टायरवरून निकाल देऊ नका.

डावा खालचा गेला असेल तर उजवा खालचाही सोबत बदला. दोघांनी तेवढेच किलोमीटर आणि तेच खड्डे खाल्लेत. वरच्यांत खेळ नसेल आणि रबर बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) शाबूत असेल तर त्यांना हात लावायचं कारण नाही.

जाता जाता, मारुती सुपर कॅरीसारख्या स्ट्रटवाल्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात असलेल्या) गाडीत हिशोब उलटा आहे. तिथे वरचा जॉइंटच नसतो, वजन स्ट्रटवरून येतं आणि खालचा जॉइंट फक्त वळणारा सांधा असतो. तिथे जॅक चासिसला लावा, चाक लोंबू द्या, मग हलवा.

प्रश्न: निपलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) बॉल जॉइंट चांगला की सीलबंद? आमच्या पिकअपला कंपनीचा सीलबंद होता. दुकानदार म्हणतो निपलवाला घ्या, जन्मभर चालेल. गाडी गूळ आणि खतं वाहते, अर्धा रस्ता शेताचा.
— वाचक, कागल

जन्मभर काहीच चालत नाही, आणि निपलवाला तर ग्रीस न घालता सहा महिनेही धड चालेलच असं नाही. दोन्हींची आतली रचना वेगळी असते, निवड त्यावरून करायची.

सीलबंद जॉइंटमध्ये पॉलिश केलेला स्टीलचा गोळा कडक, निसरड्या प्लास्टिकच्या वाटीत फिरतो. ग्रीस कारखान्यात एकदाच भरलेलं असतं. खेळ जवळपास शून्य, स्टेअरिंग हलकं, देखभाल काही नाही. सगळा जीव बुटात. बुटाला चीर गेली की पावसाचं पाणी आणि बारीक माती आत जाते, ग्रीसची खरवडी पेस्ट होते आणि वाटी झिजते. बाहेरून ग्रीस भरायला वाट नसते. फाटलेल्या बुटावर नवा बूट चढवून फायदा नाही, कारण माती आधीच आत गेलेली असते.

निपलवाल्यांपैकी अनेकांत वाटी धातूची असते. ती दणका जास्त सोसते, आणि प्रत्येक वेळी ताजं ग्रीस आत जाताना जुनं, मळलेलं बाहेर ढकललं जातं. चिखलातून आणि ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला ही रचना मानवते. मात्र दर ऑइल बदलाला ग्रीसगन लागलीच पाहिजे, आणि चाक पाण्यात बुडालं असेल तर त्याच आठवड्यात पुन्हा.

म्हणून उत्तर गाडीपेक्षा माणसावर अवलंबून आहे. ग्रीसगन तुमच्याकडे असेल किंवा ड्रायव्हर गाडीखाली शिरणारा असेल तर निपलवाला घ्या. गाडी तीन-चार ड्रायव्हरांच्या हाती फिरत असेल तर सीलबंद घ्या आणि दर दोन महिन्यांनी बूट तेवढे बघा. निपल असलेला पण कोरडा राहिलेला जॉइंट सीलबंदाच्या आधी जातो.

ग्रीस भरताना लिथियम ग्रेड २ वापरा. आधी निपल फडक्याने पुसा, नाहीतर त्याच्या तोंडावरची माती ग्रीसबरोबर आपणच आत घालतो. ग्रीसगनचा दांडा हळू मारा आणि बुटाकडे बघत राहा. बूट जरा फुगला की थांबा. काही जॉइंटांत बुटाच्या कडेतून जुनं ग्रीस बाहेर येतं, ते चांगलं. पण ज्या बुटाची कड घट्ट तारेने बांधलेली असते तो जास्त दाबाने फुटतो, आणि फुटलेला बूट सहसा पुढच्या पावसातच लक्षात येतो.

आता कंपनीचं. वाहन कंपनीच्या डब्यातला माल बहुतेक वेळा सुट्या भागांच्या कारखान्यात बनतो आणि तोच कारखाना स्वतःच्या नावाने बाजारातही विकतो. राणे हे नाव स्टेअरिंग आणि सस्पेन्शनच्या सांध्यांत आपल्याकडे जुनं आहे. जपानी गाड्यांना ५५५, कोरियन गाड्यांना सीटीआर चालतात. वजन पेलणाऱ्या खालच्या जॉइंटवर पैसे वाचवू नका: वाहन कंपनीचा किंवा तिला पुरवठा करणाऱ्या कारखान्याचा घ्या. वरच्याला एक पायरी खाली उतरलात तरी चालेल. मी तिथेही उतरणार नाही, पण गाडीचा धंदा आणि बजेट ज्याचं त्याला ठाऊक.

प्रश्न: टाटा एसचे बॉल जॉइंट चार दुकानांत मागितले. दुकानदार हसतात. का?
— वाचक, बार्शी

कारण त्या गाडीला ते नाहीत. टाटा एसला पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत, आणि चाक किंगपिनवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाच्या उभ्या पिनवर, वळतं. बारा-सहाला खेळ लागत असेल तर किंगपिन सेट मागा, म्हणजे पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग आणि शिमा (पातळ चकत्या). नवे बुश ठोकल्यावर रीमरने मापात आणावे लागतात, ते लेथवाल्याकडून करून घ्या. 'बॉल जॉइंट' म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याला बहुधा टायरॉडच्या टोकाचा सांधा म्हणायचं असेल, तो नऊ-तीनला तपासा.

एकाच नावाच्या पिकअपमध्येही वर्षानुसार आणि मॉडेलनुसार पुढे पाटे किंवा आर्म असू शकतात. दुकानात जाण्याआधी गाडीखाली वाकून बघाच.

प्रश्न: नवा जॉइंट आर्मच्या भोकात हातानेच बसला. मेस्त्री म्हणतो, दोन वेल्डिंगचे टाके मारतो, हलणार नाही. मारू द्यावेत का?
— वाचक, सिन्नर

नाही. गाडी तिथेच उभी करा.

जॉइंट आर्मला धरण्याच्या मुख्य रीती तीन. काही तीन-चार बोल्टांवर असतात. काही कारखान्यातून रिव्हेट मारून येतात. रिव्हेटांची डोकी ग्राइंडरने उडवायची, मध्ये ड्रिल मारून पंचाने काढायचे आणि नव्या जॉइंटबरोबर येणारे कडक बोल्ट लावायचे. ते हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट नसतात, त्यांच्या डोक्यावर १०.९ सारखा आकडा असतो. तिसरी रीत प्रेसफिटची. जॉइंटचं अंग भोकापेक्षा केसभर मोठं असतं, प्रेसने दाबून बसतं आणि वरून सर्क्लिप (अडकवायची कडी) लागते. तुमचा हा तिसरा प्रकार.

हाताने बसला याचे दोन अर्थ होतात: एकतर जॉइंट चुकीचा आलाय, नाहीतर आर्मचं भोक मोठं झालंय. जुन्या आणि नव्या जॉइंटच्या अंगाचं माप व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी घ्या. नवा लहान निघाला तर परत करा. माप बरोबर असेल तर भोक गेलंय. पूर्वी कुणी हातोड्याने जॉइंट काढला-घातला असेल, किंवा ढिला जॉइंट भोकात फिरत राहिला असेल.

वेल्डिंगच्या टाक्याने दोन गोष्टी बिघडतात. उष्णतेने आतली प्लास्टिकची वाटी वितळते आणि ग्रीस जळतं, म्हणजे जॉइंट गाडीला लागण्याआधीच संपला. दुसरं, टाक्याच्या कडेचं स्टील ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. भोकाच्या कडेला पंचाने ठोके मारून ते आवळणं हाही तसलाच उपाय, फक्त वाटी जळत नाही एवढंच.

काही गाड्यांना अंग किंचित मोठं असलेले ओव्हरसाइझ जॉइंट मिळतात. ते मिळाले नाहीत तर जॉइंट आणि बुश बसवून आलेला अख्खा आर्म घ्या. बुशही जुने झाले असतील तर तोच स्वस्त पडतो, कारण प्रेसची मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

प्रश्न: खालचे दोन्ही जॉइंट चांगल्या नावाचे घातले. चार महिन्यांत डाव्यात पुन्हा खेळ. माल खोटा की काम खोटं?
— पिकअपमालक, चिपळूण

माल खोटा असू शकतो, पण आधी काम तपासा. नव्या जॉइंटचा जीव बहुतेक वेळा बसवतानाच जातो.

पहिला संशय टेपरवर, म्हणजे दांड्याच्या निमुळत्या उतारावर. जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि नकलच्या तितक्याच निमुळत्या भोकात पाचरीसारखा बसतो. पकड त्या उताराची असते, नट फक्त पाचर खाली ओढून धरतो. उतार जरा जरी वेगळा असला तर दांडा एकाच कडेवर टेकतो, प्रत्येक खड्ड्याला डुलतो, भोक अंडाकृती करतो आणि एक दिवस मानेत तुटतो. पुन्हा बसवण्याआधी हे करा: दांडा आणि भोक कोरडं पुसा, दांड्यावर लेथवाल्याची निळी शाई अगदी पातळ लावा, भोकात घालून दाबा, पाव फेरा फिरवा, काढा. निळा डाग भोकभर सारखा उठला तर ठीक. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला रिंगण उठलं तर टेपर जुळत नाही. एकाच बाजूला उठलं तर भोक ओवल झालंय, आणि मग नवा जॉइंट कितीही चांगला असला तरी नकल बदलावा लागेल. शाई पुसून भोक कोरडंच ठेवा. तिथे ग्रीस लावण्याची सवय अनेकांना आहे, पण त्याने पाचरीची पकड सुटते आणि नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

दुसरा संशय प्रेसवर. जॉइंट दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडेवर यायला हवा, त्यासाठी मापाची नळी लागते. मधल्या झाकणावर दाब आला की ते आत जातं आणि वाटी गोळ्याला आवळते. असा जॉइंट सुरुवातीला कडक लागतो, मेस्त्री त्याला 'टाइट आहे, नवा आहे' म्हणतो, आणि तो वाटी खाऊन लवकर ढिला होतो.

मग नट. खाचांचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आणायचा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर पुढेच आवळायचा. सहा खाचांच्या नटाला पुढची खाच फार तर ६० अंशांवर असते. पिन बसावी म्हणून नट मागे सोडला की टेपर सुटला. पिन नवी घ्या. नायलॉनवाला लॉकनट असेल तर तोही नवा.

जुना जॉइंट सोडवताना दुपाखी पाचर ठोकली असेल तर शेजारच्या, न बदललेल्या सांध्यांचे बूट बघा. ती पाचर बूट हमखास फाडते. फेकायच्या जॉइंटला चालेल, ठेवायच्याला नाही. ठेवायचा असेल तर नट दोन फेरे ढिला करून तसाच राहू द्या आणि नकलच्या कानाला दोन्ही बाजूंनी दोन हातोड्यांनी एकाच वेळी ठोका. टेपर टणकन सुटतो. त्याआधी खालच्या आर्मला जॅक लावलेला असलाच पाहिजे. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. तो दोन फेऱ्यांचा नट जॅकच्या भरवशावर नसलेला दुसरा आधार आहे.

आर्मचे आतले बोल्ट चाक लोंबत असताना आवळले असतील तर बुशांचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटी आवळायचे. आणि सगळं झाल्यावर अलाइनमेंट. वरच्या आर्मखालच्या शिमा काढल्या असतील तर कुठली कुठे होती याची खूण हवी, नाहीतर कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकाचे आत-बाहेर आणि पुढे-मागे झुकण्याचे कोन, दोन्ही सरकतात.

इतकं सगळं नीट असूनही एकाच बाजूचा जॉइंट जात असेल तर त्या बाजूचा आर्म किंवा नकल बहुधा वाकलेला आहे. उजव्या बाजूची मापं शेजारी ठेवून बघा.

प्रश्न: अमेरिकेत २००३ ची टोयोटा टॅकोमा घेतली आहे, ४×४. सगळे म्हणतात खालचे बॉल जॉइंट आधी बदल. गाडी २ लाख मैलांची. बाजारातला संच निम्म्या किमतीत मिळतो.
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

सगळे बरोबर सांगतात. या पिढीच्या टॅकोमात खालच्या जॉइंटवर वजन ताणात येतं. बहुतेक गाड्यांत वजन गोळ्याला वाटीत दाबतं, इथे ते गोळा वाटीतून ओढून काढायला बघतं. दाबातला जॉइंट झिजला की आवाज करतो, ताणातला झिजला की निसटतो आणि चाक मडगार्डखाली दुमडतं. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत याच जॉइंटसाठी टॅकोमासह आपल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीचं ते काम झालंय का, हे १७ अक्षरी व्हीआयएन (तिकडचा चासिस नंबर) देऊन टोयोटाच्या डीलरकडे विचारा. झालेलं असलं तरी ते जॉइंटही आता जुने.

इथे निम्म्या किमतीचा मोह नको. टोयोटाचेच दोन घ्या, डावा आणि उजवा वेगळा असतो, आणि जॉइंट नकलला धरणारे चारही बोल्ट प्रत्येक बाजूला नवे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने जुने बोल्ट गंजून मानेत बारीक होतात. काम सोपं आहे, प्रेस लागत नाही. आदल्या रात्री बोल्टांवर गंजसोडवं तेल मारून ठेवा.

प्रश्न: डुप्लिकेट कसा ओळखायचा? डबा हुबेहूब असतो.
— वाचक, पुणे

डब्यावर वेळ घालवू नका. एमआरपी, महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता त्यावर असायलाच हवा, पण छापणारा तेही छापतो. जॉइंट हातात घ्या. अंगावर पार्ट नंबर आणि बॅच स्टीलमध्ये ठसवलेला हवा, स्टिकरवर नको. दांडा बोटांनी कलता करा: चांगला नवा जॉइंट सगळ्या दिशांना सारखा, जरा जड आणि अखंड फिरतो, कुठे अडखळत नाही आणि सोडल्यावर लटकत नाही. टेपरवर लेथच्या खरबरीत रेघा नखाला लागल्या तर परत करा. बुटाचं रबर चिमटीत पिळा, पांढरट रेघ उठली तर ते रबर उन्हाळा काढणार नाही.

आणि नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात जा नाहीतर कुठेही, पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलवरून नाही तर चासिस नंबरावरून काढून घेऊन जा. जुना जॉइंट पिशवीत सोबत न्या आणि काउंटरवरच दोघांचे दांडे शेजारी लावून बघा. बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. भंगारातून काढलेला वापरलेला जॉइंट कुणी 'ओरिजिनल आहे' म्हणून देत असेल तर तो खरंच ओरिजिनल असेल, पण नेऊ नका.